दोन हजार परस

बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी ज्योतीचा गोव्याहून फोन आला आणि पाच मिनिटांत मायलेकींचं वाजलं.

भागाबाईला तसं भांडायचं नव्हतंच. पोरगी धुळ्याला डिप्लोमा करून गोव्याच्या समुद्र-संस्थेत लागली, याचा तिला अभिमानच होता. उंबरपाडे गावातून आजवर एवढ्या लांब कुणाची लेक गेली नव्हती. पण लांब जाणं वेगळं आणि पाण्यावर जाणं वेगळं. पंचेचाळीस दिवस बोट पाण्यातच राहणार, किनारा दिसणार नाही, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

"पाय सटकना ते?" तिनं विचारलं.

"मी पानीमा उतरत नही, माय. मी बोटवरच ऱ्हास. आम्ही तार खाले सोडतस, तारले बाटल्या ऱ्हातस. खालनं पानी भरी आनतस आनि तपासतस."

"मंग खाले कितलं पानी शे?"

"चार हजार दोनशे मीटर."

"म्हंजे कितला परस?"

तिकडून ज्योतीनं सुस्कारा सोडला. दिवसभर सामान चढवून तीही दमली होती. "परसमा नही मोजतस वं माय! तुले समजाव नही ते. त्यानाकरता तुन्हाजोडे शब्दच नही, मी कसं सांगू?"

भागाबाईनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मग उगाचच अंगण झाडायला घेतलं. सकाळी एकदा झाडून झालं होतं.

ओट्यावर तिचा नवरा झुलाल बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. झुलालनं उभी हयात विहिरी खोदल्या. साक्रीपासून पार निजामपूरपर्यंत निम्म्या शेतांतल्या विहिरी त्याच्या हातच्या. डाव्या पायानं तो लंगडत चालायचा. खोदताना घोट्यावर दगड पडला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आता बोअरच्या गाड्या आल्यावर विहीर कोण खोदतो?

"पोर खरं बोलनी," तो म्हणाला. "आपलाजोडे कथाईन ऱ्हाई शब्द? आपली बठ्ठी जिंदगी बारा परसमा गयी."

बारा परस ही झुलालनं खोदलेली सगळ्यांत खोल विहीर. माणसानं उभं राहून हात वर केले की जमिनीपासून बोटांच्या टोकापर्यंत एक परस. झुलाल खाली पहार मारायचा आणि भागाबाई वर गडगडीच्या दोरावर असायची. लग्न झाल्यावर दुसऱ्या महिन्यात तिनं तो दोर हातात घेतला आणि पंधरा वर्षं सोडला नाही. शब्द नाही, हे तिला म्हणूनच लागलं. खोलीशी आपला काही संबंध नाही असं कुणी म्हटलं असतं, तर तिनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं नसतं. इथं तर पोटच्या पोरीनंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती प्रेमराज गुरुजींना गाठायला गेली. गुरुजी तरुण होते, धुळ्याचे. फळा पुसत होते.

"गुरुजी, भलतंच उंडं पानी ऱ्हास, त्याले काय म्हनतस पुस्तकमा?"

"खूप खोल ना, अक्का? अथांग म्हणतात."

"अथांग म्हंजे?"

"ज्याचा थांग लागत नाही ते. तळ कुठे आहे तेच कळत नाही."

भागाबाईनं जरा विचार केला. "मंग हाऊ शब्द नही चालाव. मन्ही पोर थांग लावालेच गयी ना तठे. थांग लागस म्हनीसन ते सरकार पगार देस तिले."

गुरुजी हसले आणि मग हसायचे थांबले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. त्यांनी अगाध सांगितला, गहन सांगितला. अगाध कीर्तनात देवाच्या लीलेला लावतात, गहन म्हणजे समजायला कठीण. पाण्याला कुठलाच नीट बसेना. मग त्यांनी फळ्यावर पाताळाची सात नावं लिहिली: अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि शेवटी पाताळ. मोठ्यानं वाचूनही दाखवली. भागाबाईला नावं आवडली. दगड टाकल्यावर विहिरीतून एकामागून एक आवाज यावा तशी ती वाटत होती.

"या नावं कोनी ठेवात? कोनी उतरनं व्हतं का तठे?"

"नाही, अक्का. पुराणातली आहेत."

"न उतरताच नावं ठेवात," ती म्हणाली आणि उठू लागली.

तेव्हा गुरुजींनी मोबाइल काढला. सात फुटांचा एक परस धरून त्यांनी हिशेब केला. एकोणीसशे अडुसष्ट. "दोन हजारच धरा," ते म्हणाले. दोन हजार परस! भागाबाई पुन्हा खाली बसली. बारा तिला कळत होते, वीसही कळले असते. दोन हजार हा आकडाच होता नुसता, तो हाताला लागत नव्हता.

"आडवं करून बघा," गुरुजी म्हणाले. "चार हजार दोनशे मीटर म्हणजे सव्वाचार किलोमीटर. तुमच्या दारापासून साक्रीच्या रस्त्यानं निघालात, तर स्टँडच्या थोडं अलीकडे, ते ट्रॅक्टरचं गॅरेज आहे ना, तिथपर्यंत. तो रस्ता उभा केला की झालं. सूर्याचा उजेड त्यातला दोनशे मीटरपर्यंतच बरा पोचतो. म्हणजे पिठाच्या गिरणीपर्यंत. पुढे अंधुक. हजार मीटरच्या खाली, म्हणजे आपला फाटा ओलांडला, की ठार अंधार."

बाजाराच्या दिवशी मंजुळाबाई नेहमीप्रमाणे वालाच्या शेंगांची पाटी घेऊन हाक मारायला आली. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलेल्या. काळीपिवळी गाडी पारापाशी भरत होती. भागाबाई म्हणाली, "आज मी पायी जास."

"याड लागनं का तुले?"

"तू गाडीमा बस. मी येस मांगून."

मंजुळाबाईनं गाडीकडे पाहिलं, मैत्रिणीकडे पाहिलं, आणि शिव्या घालतच पाटी डोक्यावर चढवली.

दारापासून गिरणी आली ती बोलता बोलता. चटणीची चव जिभेवर असते तेवढ्यात. "आठे उजेड सरना," भागाबाई म्हणाली. मंजुळाबाईला आधी काही कळेना. मग भागाबाईनं गुरुजींनी सांगितलेलं सगळं सांगितलं, तेव्हा तिनं मागं वळून गिरणीच्या पत्र्यावर चमकणारं ऊन पाहिलं आणि "बापरे" म्हणाली. पुढं फाट्यापर्यंत रस्ता सपाट होता. हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं, कांद्याच्या रोपांवर पाणी चमकत होतं, आणि भागाबाई मनातल्या मनात ते सगळं हळूहळू विझवत चालली होती.

फाटा गेला. रस्त्याला चढ लागला.

"आते कथा उनूत वं आपन?" मंजुळाबाईनं विचारलं.

"अंधारमा."

मागून ट्रकनं एवढ्या जोरात हॉर्न दिला की दोघी दचकून कडेला उतरल्या, आणि मग हसत सुटल्या. मंजुळाबाईच्या पाटीतल्या चार शेंगा सांडल्या, त्या वेचून दोघी पुन्हा चालू लागल्या.

पण अंधार संपेना. आडव्या रस्त्यावर तो तीन किलोमीटर होता. भागाबाईचे गुडघे बोलायला लागले. एका बाभळीखाली ती टेकली आणि आल्या वाटेकडे पाहू लागली. गाव दिसत नव्हतं, देवळाचा झेंडा दिसत नव्हता, फाट्यावरचं वडाचं झाडही वळणामागं गेलं होतं. आपल्या दाराच्या चौकटीला दोर बांधून तो इथपर्यंत आणला, असं तिनं डोळ्यांपुढं आणलं. काथ्याचा नाही, लोखंडाच्या तारेचा. मग तो रस्ता उभा केला. एवढी तार लोंबतेय, आणि वरचं टोक ज्योतीच्या हातात.

तिचे तळहात आपोआप मिटले.

निजामपूरकडच्या एका जुन्या विहिरीची तिला आठवण झाली. वीस-बावीस परस असेल, पाण्यानं भरलेली. मालकाला तळ कुठं आहे ते बघायचं होतं, म्हणून दोराला दगड बांधून भागाबाईनं तो सोडला. दहा परसपर्यंत दगडाचं वजन हाताला कळत होतं. पुढं दोर भिजून इतका जड झाला, की दगड कोणता आणि दोर कोणता तेच समजेना. दगड केव्हाच तळाला टेकला होता आणि ही आपली दोर सोडतच होती. शेवटी वर ओढला तेव्हा दोराची अर्धी गुंडाळी चिखलानं माखलेली निघाली. विहिरीवरच्या बाया याला म्हणायच्या, दोर बहिरा झाला. खाली काय झालं ते वर ऐकू येत नाही.

"काय व्हयनं वं?" मंजुळाबाईनं विचारलं. "चेहरा कसा व्हई ग्या तुना!"

"काही नही. एक इचारनं राही गयं पोरले."

बोटीवरून बोलायला आठवड्यातून एकदा, रविवारी, माणशी पाच मिनिटं मिळत. त्या रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा भागाबाई तो हातात घेऊनच बसली होती. आवाज लांबून, तुटत तुटत येत होता.

"माय, कशी शेस?"

"बरी शे. तू आयक, टाइम कमी शे. तुनी ती तार तळले लागनी, हाई हातले कसं समजस? इतली लांब तार, तिनं तिनंच वजन इतलं, की खालना टोकले काय व्हयनं ते वर समजावच नही. दोर बहिरा व्हई जास."

 भागाबाईनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"माय," ज्योती म्हणाली, "तुले हाई कोनी सांगं?"

"कोनी नही. मी बाजारले पायी गयी, तव्हय मन्हा ध्यानमा उनं."

मग ज्योती बोलू लागली आणि थांबेना. तारेच्या टोकाला एक यंत्र असतं, ते आवाज सोडतं. आवाज तळावर आपटून परत येतो, त्यावरून तळ किती दूर ते वर पडद्यावर दिसतं. गेल्या मंगळवारी ते यंत्रच बंद पडलं. जुन्या नकाशातला आकडा धरून ती तार सोडत राहिली, आणि नकाशा साठ मीटरनं चुकलेला होता. साठ मीटर तार तळावर ढीग होऊन पडली, तिला पीळ बसला. वर आली तेव्हा कापून टाकावी लागली. दोन दिवस सगळ्या बोटीचं काम थांबलं. मोठे साहेब रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी यादीत तारेसमोर दुसऱ्याचं नाव होतं. आता ती रोज बाटल्या धुते.

"मीच व्हती तारवर, माय. दुसरं कोनीच नही."

भागाबाईनं ओट्याकडे पाहिलं. झुलाल ऊन खात बसला होता, डावा पाय लांब करून.

"ज्योती," ती म्हणाली, "तुना बापना पायवर दगड पडना नव्हता."

"काय?"

"मी दोरवर व्हती."

तिनं भराभर सांगितलं, कारण मिनिटं सरत होती. बारा परसची तीच विहीर. जेवण करून झुलाल कमरेला दोर बांधून खाली उतरत होता. दोर सैल पडला. भागाबाईला वाटलं, तळाला टेकला. तिनं हातातला दोर ढिला सोडला आणि कपाळावरचा घाम पुसला. पण झुलाल तळाला पोचलाच नव्हता. वाटेत एका कपारीवर दम खायला थांबला होता. त्यानं पुढचा पाय टाकला आणि दोन परस कोसळला. ठेकेदाराला झुलालनं सांगितलं, दगड पडला. भागाबाईलाही तेच सांगायला लावलं. सत्तावीस वर्षं झाली. तेच सांगत आली होती.

"मंग?" ज्योतीचा आवाज बारीक झाला होता. "मंग तू परत कव्हय धरा दोर?"

"पाय बरा व्हयना, तो परत उतरना, तव्हय. माले नको व्हतं. मी म्हंतलं, दुसरी बाई लाय. तो म्हने, जिना हातून एकदाव पडनू, तिलेच आते बठ्ठं समजस."

एवढ्यात लाइन तुटली. पाच मिनिटं झाली होती.

भागाबाईनं फोन मांडीवर ठेवला. झुलाल तिच्याकडे बघत होता.

"सांगी टाकं?" त्यानं विचारलं.

"हा."

"कसाले?"

"तिले गरज व्हती."

झुलालनं पाय जवळ घेतला, घोटा चोळला. "बरं करं," एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळानं चहा मागितला. चहा करताना भागाबाईला एकदम रडू आलं. कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. पाण्यात असलेल्या लेकीचं होतं, की सत्तावीस वर्षांच्या त्या दगडाचं, जो कधी पडलाच नव्हता. पदरानं तोंड पुसून तिनं चहा गाळला.

पुढचे सात दिवस तिनं कुणाला काही विचारलं नाही. गुरुजी वाटेत भेटले, "मिळाला का शब्द, अक्का?" म्हणाले. ती म्हणाली, "मन्हाजोडेच व्हता. जठे दोर बहिरा व्हस, ते बहिरं पानी." गुरुजींनी तो वहीत लिहून घेतला, बहिरं पाणी, आणि कुठल्याच शब्दकोशात नसेल असं म्हणाले. भागाबाईला त्याचं विशेष काही वाटलं नाही. वहीत गेला म्हणून पाणी काही उथळ होणार नव्हतं.

रविवारी फोन आला तेव्हा ज्योतीचा आवाज वेगळा होता. भागाबाईला पहिल्या हाकेतच कळलं.

ज्योती स्वतःहून साहेबांकडे गेली होती. चूक कशी झाली ते तिनं पहिल्यापासून सांगितलं आणि परत तारेवर उभं करा म्हणाली. साहेबांनी विचारलं, या वेळी वेगळं काय करशील? ती म्हणाली, नकाशावर भरवसा ठेवणार नाही. शेवटच्या दोनशे मीटरला प्रत्येक दहा मीटरवर थांबेन. तारेवर किती ओढ आहे तो काटा बघेन. तळ लागला की ओढ थोडीशीच, अगदी किंचित कमी होते. लक्ष दिलं तर दिसते.  साहेबांनी यादी मागवली.

"मंग?" भागाबाईनं विचारलं.

"काल सोडी तार. चार हजार आठशे. मांगला येळपेक्षा भी जास्त. माय, काटा हालना. इतलासा हालना, पन माले दिसना."

भागाबाईनं डोळे मिटले. तो किंचित हललेला काटा तिच्या हातांना दिसला.

"पानी उनं का वर?"

"उनं ना! बठ्ठ्या बाटल्या भरी उन्यात. आनि माय, ते पानी कितलं थंड शे! वर ऊन तापेल, लोखंडले हात लावता येत नही, आनि बाटलीनं पानी हातवर पडनं ते बोटं दुखाले लागनात. खालनं बठ्ठं पानी तसंच शे म्हने. हजारो वरीस झायात, त्यानी ऊन देखेल नही. तुले कसं सांगू कितलं थंड... थांब, इचार करू दे..."

ती विचार करत असतानाच लाइन गेली.

भागाबाई फोन घेऊन ओट्यावर आली. झुलालपुढं सुपात तांदूळ होते, तो खडे काढत होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"व्हो, ज्योतीना बाप, बारा परसवर पानी कसं ऱ्हाये? हिवाळामा?"

"कोमट," झुलाल म्हणाला. "वर दात वाजेत आनि खाले कोमट. पाय बाहेर काढू नही वाटे."

"तठे उलटं शे म्हने. वर ऊन, आनि खाले बोटं दुखतीन इतलं थंड."

झुलालनं हातातला खडा अंगणात फेकला आणि विचारात पडला. "आते हाई माले नही माहीत," तो म्हणाला.

"माले भी नही," भागाबाई म्हणाली, आणि सूप आपल्याकडे ओढून घेतलं.